शरणागतीचे बळ

स्वतःच्या पायावर उभे राहावे, असे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण माणसाचे बळ जिथे संपते तिथे काय करायचे? ख्रिस्ती श्रद्धेचे उत्तर आहे, देवाला शरण जावे. वारकऱ्यांच्या महाराष्ट्राला ही शरणागती परकी नाही.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १८५८ साली कर्नाटकात जन्मलेल्या रमाबाईंना आईवडिलांनी संस्कृत शिकवले. पुढे दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण तिघेही गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. विद्या, वक्तृत्व, कीर्ती सारे काही होते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण १९०७ च्या आत्मकथनात त्या मोकळेपणाने सांगतात की, तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र पुढे काही वर्षांनी भेटला. मनाची शांती पांडित्याने मिळाली नव्हती. आपली ओंजळ रिकामी आहे हे कबूल केल्यावर ती मिळाली.

या श्रद्धेची कसोटी १८९६-९७ च्या दुष्काळात लागली. भूक म्हणजे काय, हे रमाबाईंनी स्वतः भोगले होते. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुली आणि स्त्रिया आणल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. अमेरिकेतील हितचिंतकांनी कबूल केलेल्या दहा वर्षांच्या मदतीची मुदत तर १८९८ मध्ये संपत होती. तरीही दार बंद झाले नाही. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

रमाबाईंची सारी भिस्त प्रार्थनेवर होती, पण त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामे मुक्तीतल्या स्त्रिया शिकल्या. स्वतः रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. केडगावचे कार्य आजही चालू आहे.

देवावर भार टाकायचा म्हणजे काम टाळायचे, असा सोयीचा अर्थ आपण पुष्कळदा काढतो. रमाबाईंनी कष्टात कसूर केली नाही; ‘हे मी केले’ हा अभिमान तेवढा देवाच्या पायाशी ठेवला. घरात आजारपण येते, पैशाची ओढाताण होते, सारे उपाय करूनही मन खचते. अशा वेळी ‘माझ्याने होत नाही’ हे देवापाशी बोलून उद्याच्या कामाला लागता आले, तर तेही मोठेच बळ आहे.