बेणे, कालवड आणि माणूस

अंथुर्णे परिसरातला शेतकरी उसाचे बेणे पारखून घेतो. गोठ्यात कालवडच यावी म्हणून आता ‘सॉर्टेड सीमेन’ही मिळते. यात गैर काही नाही. पण गोठ्यात मादी हवी आणि घरात मात्र मुलगाच हवा, असे एकाच तोंडून ऐकू येते तेव्हा आम्हाला बोलावेसे वाटते.

बेण्याचा न्याय माणसालाही लावावा, असे इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने मांडले. १८८३ मध्ये त्याने या विचाराला ‘युजेनिक्स’ असे नाव दिले. मराठीत त्याला सुप्रजाजननशास्त्र म्हणतात. ‘उत्तम’ माणसांनी मुले जन्माला घालावीत, ‘हलक्यां’नी घालू नयेत, असा त्याचा मथितार्थ. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. जर्मनीत १९३३ च्या कायद्याने लाखोंची नसबंदी झाली आणि पुढे अपंगांच्या हत्याही झाल्या.

हे सारे दूरदेशीचे नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात शिरूरच्या सरकारी वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये १९९४ मध्ये ससून रुग्णालयात काढण्यात आली. मासिक पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण सांगितले गेले. महिला संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा शस्त्रक्रिया थांबल्या. त्या मुलींना मात्र कोणी विचारले नव्हते.

कुरआनच्या सूरह तकवीरमध्ये जिवंत पुरलेल्या मुलीबद्दल जाब विचारला जाण्याचा उल्लेख आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. कायद्याची भीती असो वा नसो, अल्लाहपुढचा जाब चुकत नाही.

मग जनुकांची तपासणी वाईटच का? नाही. आजारावर इलाज शोधणे आणि माणसाची किंमत ठरवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. थॅलेसेमियाचेच पाहा. वाहक व्यक्ती धडधाकट असते. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा बाळाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. नात्यात सोयरीक होते तेव्हा दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते. म्हणून निकाह ठरवण्यापूर्वी ‘एचपीएलसी’ ही रक्ततपासणी करून घ्यावी.

मात्र ती मुलाचीही व्हावी, केवळ मुलीची नव्हे. अहवाल दोन घरांपुरता राहावा. ‘मुलीत खोट आहे’ अशी कुजबुज गावभर झाली, तर गाल्टनचाच न्याय आपल्या अंगणात आला असे समजावे. वाहक असणे हा गुन्हा नाही, आणि दोघांपैकी एकच वाहक असेल तर लग्नाला अडचणही नाही.

हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) दृष्टिहीन होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना अजान देण्याचा मान दिला आणि स्वतः मदीनेबाहेर असताना शहराची जबाबदारीही त्यांच्याकडे सोपवली. आपल्या घरात, मोहल्ल्यात एखादे अपंग मूल असेल, तर त्याला कोणते काम सोपवता येईल, याचा विचार या महिन्यात जरूर करावा.