पंडित भातखंडे यांचे तालुकदार स्नेही

संगीताच्या इतिहासात गवयाचे नाव राहते, त्यास पोसणाऱ्या राजाचेही राहते. गवयाच्या मित्राचे नाव मात्र बहुधा गळून जाते. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचे नाव पेटी शिकणाऱ्या आमच्या लहान विद्यार्थ्यांसही ठाऊक आहे. परंतु अवधमधील अकबरपूरचे तालुकदार राजा नवाब अली खां हे त्यांचे स्नेही होते, ही गोष्ट शिक्षकांपैकीही थोड्यांस माहीत असेल.

भातखंडे मुंबईचे, वाळकेश्वरी जन्मलेले, १८८७ साली वकिलीची परीक्षा उतरलेले. पुढे वकिली सोडून ते चीजांच्या शोधार्थ देशभर फिरले. त्या काळी उस्तादांच्या घरी विद्या म्हणजे पेटीतील दागिना; परक्यास दाखविली की घराण्याचे नुकसान! अशा स्थितीत त्यांनी रागांची दहा थाटांत मांडणी केली, चीजा स्वरलिपीत उतरविल्या, आणि रागाचे नियम रागातच गावयाचे अशी लक्षणगीते स्वतः रचली.

नवाब अली पडले जमीनदार. एखाद्या गवयास वेतन बांधून देऊन मैफलीत लोडाशी टेकून बसले असते, तरी रसिक म्हणून त्यांची वाहवा झालीच असती. त्यांनी अधिक कष्टाचा मार्ग धरिला. मित्राची पद्धती ते स्वतः शिकले आणि 'मआरिफुन्नगमात' हा ग्रंथ लिहून ते दहा थाट व ती लक्षणगीते त्यांनी उर्दू वाचकांच्या हाती दिली. भातखंडे यांनी उस्तादांविषयी कित्येक ठिकाणी कठोर लिहिले, हा आक्षेप खोटा नव्हे. परंतु आक्षेपकांनी एका मराठी ब्राह्मणाचा व एका मुसलमान तालुकदाराचा हा स्नेहही जमेस धरावा.

लखनौस १९२४ व १९२५ साली संगीत परिषदा भरल्या. मग १९२६ साली तेथे मॅरिस कॉलेज निघाले. त्या खटपटीत नवाब अली होते, तसेच दर्याबादचे तालुकदार राय उमानाथ बली हेही होते. संयुक्त प्रांतातील जमीनदारी १९५२ साली संपली. ते विद्यालय मात्र आज विद्यापीठ झाले असून त्यास भातखंड्यांचे नाव आहे.

आमचा धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. येथील जहागिरीही १९४९ साली गेल्या. आज श्रीमंती ऊस व द्राक्षे पिकविणाऱ्यांच्या घरी आहे, आणि हे पालक शाळेस देणगी देण्यास मागे घेत नाहीत, हे आम्ही कृतज्ञतेने सांगतो. पण आमचे मागणे निराळे आहे. रेव्हरंड टिळकांची व कृष्णराव सांगळे यांची भजने आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत देशी चालींवर गातात. त्या चाली वृद्धांच्या कंठात आहेत, कागदावर फारच थोड्या. दरवर्षी एखाद्या म्हातारीबरोबर एखादी चाल मातीत जाते, आणि तिच्या अंत्यविधीस आलेल्या तरुणांस त्याची दादही नसते. पैसे देऊन हे काम व्हावयाचे नाही. कोणी तरी शिकून, तिच्या ओसरीवर बसून, ऐकून लिहिले पाहिजे.

शाळेत पेटी आहे. स्वरलिपी शिकविण्यास आम्ही शनिवारी सायंकाळी मोकळे असतो. पालकांपैकी कोणी मळ्याची पाणीपाळी आटोपून आले, तर त्यांस मुलांच्याच बाकावर बसावे लागेल, एवढे मात्र आधीच कळवितो.