कोंबड्यांना घातलेलं लोह

2024 च्या पावसाळ्यात आमच्या दुसरबीडला बचत गटाच्या बैठकीत एक मावशी पदरात पसाभर रेशनचा तांदूळ घेऊन आल्या. "ताई, पाहा बरं, याच्यात पलास्टिकचे दाणे हायेत. मी तं येचून कोंबड्यांले टाकते." पाण्यात टाकल्यावर ते दाणे तरंगलेही. झालं, सगळ्याजणींची खात्रीच पटली!

मैत्रिणींनो, ते प्लास्टिक नव्हतं. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून पाडलेले ते दाणे होते. शंभरात साधारण एक. 2021 च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी घोषणा केली आणि मार्च 2024 पर्यंत हा तांदूळ रेशनवर, अंगणवाडीत, शाळेच्या खिचडीत पोचला. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं होतं. आणि त्याच बायका लोह वेचून फेकत होत्या.

आता शास्त्रज्ञ याच्याही पुढे गेलेत. पेरूची जेली ज्या पेक्टिनमुळे घट्ट होते, तसल्याच नैसर्गिक पदार्थांपासून आणि दुधातल्या प्रथिनांपासून जेलीचे अतिसूक्ष्म कण करतात. केसाच्या जाडीत शेकडो मावतील इतके बारीक! त्यांना नॅनोजेल म्हणतात. त्यात जीवनसत्त्व किंवा हळदीतलं कर्क्युमिन गुंडाळायचं, म्हणजे ते पोटातल्या आम्लातून सुखरूप निघून आतड्यात सुटतं. (नुसती हळद खाल्ली तर त्यातलं फार थोडं अंगी लागतं.) बरंचसं काम अजून प्रयोगशाळेत आहे, पण ते ताटात येईल तेव्हा वेचून काढायला दाणाही दिसणार नाही.

मला काळजी वाटते ती इथेच. आपल्याच जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड या गावांत डिसेंबर 2024-जानेवारी 2025 मध्ये लोकांचे केस तीन-चार दिवसांत गळाले. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी तपासण्या करून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. सेलेनियमही पोषकच, शरीराला चिमूटभर लागतं. तिथे ते कुणी मुद्दाम घातलं नव्हतं, तरी मात्रा चुकली की काय होतं ते दिसलं. मुद्दाम घालणाऱ्यांनी तर किती घातलं, कुणासाठी घातलं, हे रांधणाऱ्या बाईला तिच्या भाषेत आधी सांगायला हवं. तांदळाच्या वेळी पोत्यावर बारीक अक्षरं होती. मावशींना वाचता येत नाही.

शेगावची बातमी आल्यावर त्या पुन्हा आल्या, या खेपेला ओंजळभर गहू घेऊन. "ताई, आता याच्यात काय हाय?"