हातगाडीवरची द्राक्षं आणि बाटलीतली द्राक्षं

बरेच दिवस काही लिहिलं नव्हतं. लिहायला निमित्त झालं ते एका प्रश्नाचं, आणि प्रश्न विचारणारा आमचा भाचा. फेब्रुवारीत घरच्या लग्नासाठी जर्मनीहून आला होता. जाताना दोन दिवस नाशिकला राहिला आणि परत येताना एक वाईनची बाटली घेऊन आला. संध्याकाळी गुंजन चौकातून आम्ही दोघं चालत येत होतो. द्राक्षांच्या हातगाड्या लागलेल्या. लांबुडकी सोनाका, गोल थॉमसन, एका गाडीवर काळी शरद. तो मला म्हणाला, "मावशी, यातली कुठली द्राक्षं त्या बाटलीत असतात?"

"यातली कुठलीच नाहीत."

"का? तीही नाशिकची, हीही नाशिकचीच ना?"

मी काहीतरी उत्तर दिलं, "ती वेगळी असतात" छापाचं. पण प्रश्न डोक्यात बसला. बाटलीवर लिहिलं होतं शनँ ब्लां. हे नाव फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातलं. हातगाडीवरची नावं मात्र आपली. एकाच जिल्ह्याच्या मातीतून दोन पिकं निघतात. एकानं आपलं नाव बदलून घेतलं, दुसरं अजून परक्या नावानं राहतंय. असं का व्हावं?

(येरवड्यात राहून वाईनवर लिहायचं म्हणजे जरा धाडसच. १९३० साली गांधीजींनी आश्रमव्रतांवरची पत्रं लिहिली ती इथल्याच तुरुंगातून. आणि आपल्या राज्यात दारूचा कायदा आजही 'दारूबंदी अधिनियम, १९४९' याच नावाचा आहे. आईला हे शीर्षक वाचून दाखवलं तर म्हणाली, "द्राक्षांवर लिही, बाटली काढून टाक." बाटली ठेवली आहे. असो.)

माझं आजोळ निफाड तालुक्यातलं. मामांची द्राक्षबाग. त्यामुळे लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मला एकच दृश्य माहीत होतं: उघडाबोडका मांडव आणि त्यावर नुकतीच फुटलेली कोवळी पालवी. द्राक्षं असतात कशी ते मे महिन्यात कधी दिसायचंच नाही. पुढे कळलं की सगळं गणित त्या मे महिन्यातच असतं.

युरोपातली वेल थंडीत पानं गाळते आणि झोपते. वसंतात जागी होते, उन्हाळ्यात वाढते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिची द्राक्षं काढतात. आपल्याकडे थंडी एवढी कडक नसते की वेलीला झोप लागावी. तिला तसंच सोडलं तर ती वर्षभर हिरवी राहील, वाटेल तेव्हा फुटेल, आणि नेमका घड पावसात सापडेल. म्हणून शेतकरी तिला वर्षातून दोनदा कात्री लावतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी. तिच्यानंतर येणाऱ्या फुटींवर कडक ऊन पडतं आणि डोळ्याच्या आत, डोळ्यांना न दिसणारा घड तयार होतो. याला बागायतदार 'सूक्ष्मघडनिर्मिती' म्हणतात, आणि हा शब्द माझे सातवी शिकलेले मामा अगदी सहज वापरतात. त्या दिवसांत आभाळ भरून राहिलं तर घड कमी धरतात. मग पावसाळा काडी पिकवण्यात जातो. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट, आणि जानेवारी ते एप्रिल माल. कात्री दोनदा, पीक एकदाच. हे पंचांग मोसमी पावसानं लिहिलंय.

आणि इथेच वाईनची खरी गोम आहे. लुआरमध्ये द्राक्षं पिकत येतात तसतशी हवा गार होत जाते. साखर हळूहळू चढते, आंबटपणा टिकून राहतो. आपल्याकडे बरोब्बर उलटं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो, आणि तिथून पुढे द्राक्षं पिकत जातात तशी हवा तापत जाते. फेब्रुवारी सरता सरता दुपारी चटका बसायला लागतो. साखर धावत सुटते, आंबटपणा विरतो. खाण्याच्या द्राक्षाला ते चालतं, उलट गोडी लागते म्हणून गिऱ्हाईक खूश. वाईनला मात्र आंबटपणा हवाच, नाहीतर ती बेचव आणि जड लागते. वाईनची द्राक्षं म्हणजे मुख्यतः तीस ते पन्नास अक्षांशांतलं पीक असं पुस्तकं सांगतात, आणि नाशिक आहे विसाव्या अंशावर. सहाशे मीटरच्या आसपासची उंची आणि रात्रीचा गारवा यांनी निभावून नेलंय म्हणायचं.

म्हणून कुठली जात इथे टिकते हे फक्त आवडीनिवडीवर ठरत नाही. शनँ ब्लां उष्ण हवेतही आंबटपणा बऱ्यापैकी धरून ठेवते आणि भरपूर पिकते. दक्षिण आफ्रिकेत तर ती सतराव्या शतकात पोचली आणि आज तिथे सर्वांत जास्त लागवड तिचीच आहे. काळ्यांमध्ये शिराझला ऊन मानवतं. पिनो न्वारसारखी थंडीची लाडकी जात इथे रुळणं कठीण. सुलानं १९९७ साली नाशिकला सोव्हिन्यों ब्लां आणि शनँ लावली, तिकडे अकलूजला फ्रातेल्लीनं इटलीची सांजोवेझे आणली, नंदी हिल्सला ग्रोव्हरनं आणखी वेगळ्या हवेत बाग केली. हे सगळे प्रयोग मला मोलाचे वाटतात. पण हे प्रयोगच आहेत, आणि ते अजून संपलेले नाहीत, हे कबूल करायला हवं.

आता हातगाडीकडे वळते. एके काळी आपल्याकडे भोकरी, फकडी, पंढरी साहेबी अशी बियांची द्राक्षं होती. पंढरी साहेबीच्या रोपांतून डॉ. चीमांनी पुण्याच्या गणेशखिंडच्या फळसंशोधन केंद्रात 'चीमा साहेबी' निवडली. पुढे थॉमसन सीडलेस आली. ती मूळची पश्चिम आशियातली, नाव मिळालं कॅलिफोर्नियात. म्हणजे तीही परकीच. पण मग काय झालं? आपल्या हवेत, आपल्या दोन छाटण्यांखाली, लाखो वेलींवर ती वाढली, आणि एखाद्या बागेत एखाद्या फांदीचे मणी जरा लांब निघाले. तिथल्या शेतकऱ्यानं ती फांदी ओळखली, तिच्या काड्या वेगळ्या लावल्या. तासगावकडची तास-ए-गणेश अशी आली. सोलापूरजवळच्या नान्नजची सोनाका अशी आली. काळी शरद सीडलेसही नान्नजचीच, फक्त ती किशमिश चोर्नी या दुसऱ्या परक्या जातीतून निघाली. हे काम कुठल्या कंपनीनं केलं नाही. रोज सकाळी बागेतून फिरणाऱ्या माणसांच्या नजरेनं केलं.

माझं म्हणणं एवढंच आहे: हवामान जात घडवतं ते असं. त्याला वेळ लागतो, खूप वेली लागतात, आणि मुख्य म्हणजे बघणारा माणूस लागतो, ज्याला त्या पिकात राहणं परवडतं. वाईनच्या द्राक्षाच्या बाबतीत आपण बघणाऱ्यालाच घालवून बसलो.

२००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. विंचूर आणि पलूसला वाईन पार्क, करात सवलत. मामांनी २००४ मध्ये दोन एकर खाण्याची द्राक्षं काढून शिराझ लावली. एका वाईनरीशी करार, भाव ठरलेला, माल दारातून उचलणार. पहिली वर्षं बरी गेली. मग २००८च्या शेवटी मुंबईवरचा हल्ला आणि जगभरची मंदी, हॉटेलं रिकामी, वाईनरींच्या टाक्या भरलेल्या. २००९च्या हंगामात मालाची तारीख पुढे पुढे गेली. पुढच्या वर्षी फोन उचलणंच बंद झालं.

खाण्याचं द्राक्ष असतं तर पिंपळगावला नेलं असतं, अगदीच नाही तर बेदाणा केला असता. वाईनचं द्राक्ष म्हणजे बारीक मणी, जाड साल, आत बिया, गर थोडासाच. बाजारात ते कोण घेणार? मामी म्हणायच्या, "गायीसुद्धा तोंड फिरवतात." २०१० मध्ये मामांनी शिराझ मुळासकट काढली आणि पुन्हा थॉमसन लावली. त्या एका वर्षी नाशिक जिल्ह्यात अशा कितीतरी बागा निघाल्या. पाच-सहा हंगाम बघितलेला माणूस, ज्याला आता कुठे कळायला लागलं होतं की शिराझची काडी किती डोळ्यांवर छाटावी, तो त्या पिकातून बाहेर पडला. पैसे बुडाले ते वाईटच, पण ते कळणंही वाया गेलं.

२०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायची की नाही यावरून केवढा गदारोळ झाला, आठवतं ना? बाजूनं बोलणारे म्हणत होते शेतकऱ्यासाठी, विरोधात बोलणारेही समाजासाठी आणि शेतकऱ्यासाठीच. तो निर्णय अंमलात काही आला नाही. पण त्या सगळ्या आरडाओरडीत एकानंही विचारलं नाही की बाटलीत द्राक्ष कुठलं, ते आपल्या हवेला मानवतं का, आणि विकलं गेलं नाही तर शेतकऱ्यानं त्याचं करायचं काय.

हवा तर दरवर्षी नवीन खेळ दाखवते आहे. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट, २०१९ला दिवाळीपर्यंत रेंगाळलेला पाऊस आणि त्यातून केवडा, २०२३च्या नोव्हेंबरात निफाडकडे पुन्हा गारा. आणि हे फक्त आपलं नाही. ज्या बोर्दोची नावं आपण बाटल्यांवर छापतो, त्या बोर्दोनंसुद्धा २०२१ साली उष्णता वाढतेय म्हणून सहा नव्या जातींना दार उघडलं. त्यात पोर्तुगालची तुरिगा नॅसियोनाल आहे. सध्या एकूण क्षेत्राच्या पाच टक्क्यांपर्यंतच, पण उघडलं. शतकानुशतकांची परंपरा असलेली माणसं म्हणतायत की आमचं द्राक्ष बदलावं लागेल, आणि आपण अजून त्यांचं जुनं द्राक्ष इथे कसं जगवायचं याच्या खटपटीत!

मग आपलं द्राक्ष येणार कुठून? माझ्या घरापासून फार लांब नाही, मुळा-मुठेच्या पलीकडे मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. त्यांच्या 'मांजरी मेडिका'चा गरसुद्धा लाल असतो. ती त्यांनी रसासाठी काढली. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या आघारकर संस्थेनं 'एआरआय-५१६' काढली. आई अमेरिकन कुळातली कटॉबा, बाप ब्यूटी सीडलेस. बुरशीला बऱ्यापैकी दाद न देणारी, एकशे दहा ते एकशे वीस दिवसांत तयार होणारी, आणि रस, बेदाणा, वाईन तिन्हीला चालणारी. हे 'तिन्हीला चालणारी' वाचल्यावर मला पहिले मामा आठवले. वाईनरीनं फोन उचलला नाही तर बेदाणा करता येईल!

जाणकार नाक मुरडतील, हे मला माहीत आहे. अमेरिकन रक्ताच्या द्राक्षांना एक उग्र वास असतो म्हणतात. फ्रान्सनं १९३०च्या दशकात इसाबेलासकट अशा सहा जाती कायद्यानं बंद केल्या होत्या, आणि आपली बंगलोर ब्ल्यू त्या इसाबेलाच्याच घरातली. तो वास सगळ्यांना आवडणार नाही हे खरं. कदाचित उत्तर एआरआय-५१६ नसेलही. शिराझच्याच एखाद्या फांदीवर दिंडोरीत कुणाला काही वेगळं दिसेल. पण ते दिसायला दिंडोरीत शिराझ वीस-तीस वर्षं उभी राहिली पाहिजे, आणि लावणाऱ्याच्या मागे एका वाईनरीच्या फोनपेक्षा भक्कम काहीतरी पाहिजे. नव्या जातीची पहिली दहा वर्षं तोटा कुणी सोसायचा, हे धोरणात लिहा. कर किती माफ, ते नंतर.

लग्नासाठी मामाही आले होते. रात्री भाच्यानं बाटली उघडली. आई उठून आत गेली (आणि दारातून बघत उभी राहिली). मामांनी एक घोट घेतला, जरा वेळ तोंडात ठेवला.

"ही जानेवारीतच तोडलेली असणार," ते म्हणाले. "पंधरा दिवस अजून राहिली असती ना, तर हा आंबटपणा टिकला नसता. छाटणी लवकर घेतली असंल त्यांनी, सप्टेंबरात."

"आजोबा, हे बाटलीवर लिहिलंय?" भाचा चकित.

"बाटलीवर काय लिहितात. चवीवर कळतंय."

मग रात्री अकरापर्यंत ते त्याला काडी, डोळा, ओलांडा समजावत बसले. शिराझच्या त्या सहा वर्षांच्या छाटणीच्या तारखांची वही त्यांच्याकडे अजून आहे म्हणे. पुढच्या वेळी गेले की ती घेऊन येणार आहे. तुमच्यापैकी कुणाच्या गावाकडे त्या काळात वाईनची बाग होती का? किंवा अजून आहे का? असेल तर नक्की कळवा.