रोजच्या पाण्याचा शिरस्ता

शहरांतील सदनिकांच्या दिवाणखान्यांत आणि कचेऱ्यांच्या काचबंद दालनांत मनीप्लँट, मॉन्स्टेरा, डिफेनबेकिया, ॲग्लोनेमा अशी उष्ण कटिबंधातील पर्णशोभेची झाडे मोठ्या हौसेने आणली जातात आणि त्यांतील पुष्कळशी वर्षाच्या आतच पिवळी पडून, बुंध्याशी मऊ होऊन नष्ट होतात. आणि या नाशाची चौकशी केली असता असे आढळते की, ज्या घरांत ही झाडे मेली त्या घरांत त्यांना पाणी घालण्यात एका दिवसाचाही खंड पडलेला नव्हता. ‘रोज सकाळी थोडे थोडे पाणी’ हा जो शिरस्ता पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे, तो सावलीतल्या कुंडीच्या बाबतीत मुळातच चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

या शिरस्त्याचा उगम अनादरणीय नाही. तुळशीला रोज पाणी घालण्याची आपली वहिवाट जुनी आहे आणि ती तुळशीपुरती पूर्णपणे सयुक्तिकही आहे. कारण तुळस उघड्या अंगणात, दिवसभराच्या उन्हावाऱ्यात उभी असते, तिच्या पानांतून बाष्परूपाने पुष्कळ पाणी निघून जाते, आणि जुन्या वृंदावनांतील माती बहुधा खालच्या जमिनीशी सलग असल्यामुळे जास्तीचे पाणी तेथे साचून राहत नाही. पण जी वस्तू अंगणात धर्म्य आणि हितकर होती ती स्थळ बदलल्यावरही हितकरच राहील, असे मानणे म्हणजे कारण सोडून केवळ आचार धरून ठेवणे होय. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ऊन नाही, वारा नाही, आणि कुंडीच्या तळाशी जमीनही नाही. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने कुंडीतील सूर्यफुलाच्या मातीवर शिशाचा पत्रा बसवून, म्हणजे मातीतून होणारे बाष्पीभवन रोखून, ती कुंडी वेळोवेळी तोलली आणि उष्ण, कोरड्या दिवशी झाडाचा पाण्याचा व्यय फार, तर दमट हवेत तो अत्यल्प असतो, हे १७२७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले. व्यय जर रोज बदलता, तर भरणा रोज सारखा असावा, हा हिशेब कोणत्या न्यायाने ग्राह्य धरावा?

येथे कोणी म्हणेल की, थोडे पाणी अधिक झाले तर त्यात बिघडले काय? बिघडते ते मुळांचे. मुळे ही सजीव इंद्रिये आहेत, त्यांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो, आणि तो मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून त्यांच्यापर्यंत पोहोचतो. या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की प्राणवायूची वाट अडते, कारण हवेतून तो ज्या गतीने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद गतीने तो पाण्यातून पसरतो. गुदमरलेले मूळ दुबळे होते, आणि अशा दुबळ्या मुळावर पिथियम, फायटॉफ्थोरा यांसारखे बुरशीसदृश जीव, ज्यांचे बीजाणू पाण्यात पोहत जातात, सहज चाल करतात. पुढे जे घडते ते विशेष दुःखद आहे: कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत म्हणून पाने माना टाकतात; ती मलूल पाने पाहून घरातील माणूस, झाड तहानलेले आहे असे समजून, आणखी एक तांब्या ओततो. मलूल पान हा तहानेचा निर्णायक पुरावा मानण्याची चूक जितकी कनवाळू तितकीच घातक आहे. खरी साक्ष मातीची असते.

दुसरा आक्षेप असा की, ही वर्षावनांतील झाडे, त्यांना ओलावा लागणारच. मॉन्स्टेरा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या अरण्यांतला आणि मनीप्लँट प्रशांत महासागरातील मोरेआ बेटावरचा, हे खरे. परंतु तेथे हे वेल वृक्षांच्या खोडांना बिलगून वर चढतात, त्यांची मुळे साली आणि पालापाचोळ्याच्या भुसभुशीत थरात असतात, आणि वरून कोसळलेला पाऊस त्या मुळांना भिजवून क्षणात निथळून जातो. पाऊस वारंवार, पण चिखल कधीच नाही, अशी ती स्थिती आहे. बाटलीतल्या नुसत्या पाण्यात वाढणाऱ्या मनीप्लँटचे उदाहरणही वारंवार पुढे केले जाते. पाण्यात फुटणारी मुळे मातीतल्या मुळांहून रचनेने वेगळी असतात, आणि अधूनमधून बदललेल्या स्वच्छ पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो. कुंडीच्या तळातील आंबलेल्या चिखलात तो नसतो.

निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी खडीचा वा विटांच्या तुकड्यांचा थर घालावा, हा उपदेशही त्याज्य आहे. मातीतील पाणी केवळ गुरुत्वाकर्षणाने नव्हे तर केशाकर्षणाच्या ओढीनेही बांधलेले असते, हे एडगर बकिंगहॅम यांच्या १९०७ मधील अभ्यासापासून मृदाशास्त्रात प्रस्थापित आहे. त्यामुळे बारीक कणांच्या मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, तर त्या सीमेवरची माती संपृक्त होईपर्यंत तेथेच अडून राहते. अर्थात खडीने निचरा वाढत नाही, चिखलाचा थर मात्र मुळांच्या अधिक जवळ येतो. छिद्रावर माती अडवण्यापुरती एक खापरी ठेवावी, तेवढी पुरे. निचरा हवा असेल तर संपूर्ण मिश्रणच कोकोपीट, जाड वाळू आणि गांडूळखत यांनी मोकळे करावे.

मग पाणी घालावे कसे? शेतकरी ज्या स्थितीला वाफसा म्हणतो, म्हणजे कणांभोवती ओल आणि कणांमध्ये हवा, ती कुंडीत वारंवार येऊ द्यावी. बोट दोन इंच मातीत घालून पाहावे. ओल लागली तर झारी बाजूला ठेवावी. त्याहून विश्वसनीय कसोटी वजनाची: भिजलेली कुंडी आणि सुकलेली कुंडी काही वेळा उचलून पाहिली की हाताला फरक आपोआप कळू लागतो. पाणी द्यायची वेळ आली की मात्र हात आखडू नये. सर्व बाजूंनी सावकाश, तळाच्या छिद्रातून वाहू लागेपर्यंत ते घालावे आणि पाऊण तासाच्या आत ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे. रोजच्या ओंजळभर पाण्याने वरचा थरच ओला राहतो आणि बोअरच्या जड पाण्यातील क्षार मातीत साठत जातात. भरपूर दिलेले पाणी ते धुऊन नेते. जलशुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी कुंडीत ओतण्याची जी काटकसर हल्ली रूढ झाली आहे तीही सोडावी, कारण त्यात क्षार एकवटलेले असतात.

देशावरची काळी माती कुंडीत वापरणाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. ती सुकली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली जाऊन झाड भिजल्याचा खोटा निर्वाळा देते. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवावी.

दिवसांची मुदत मी मुद्दामच सांगत नाही. मे महिन्यात खिडकीजवळची मातीची कुंडी दोन-तीन दिवसांत सुकेल, तीच श्रावणात आठवडाभर ओली राहील, आणि प्लास्टिकची त्याहूनही अधिक काळ. कॅलेथियाला वरचा थर सुकताच पाणी द्यावे. उलट झी-झी प्लँटच्या कंदांत पाण्याचा साठा असल्याने तिची माती पूर्ण सुकू द्यावी.

ज्यांचे झाड आजच पिवळे पडत आहे त्यांनी पाणी थांबवून ते कुंडीतून अलगद बाहेर काढावे. मुळे पांढरी आणि टणक असतील तर मोकळ्या मिश्रणात पुन्हा लावावे. काळी, लिबलिबीत मुळे स्वच्छ कात्रीने काढून टाकावीत. आणि सर्वच कुजली असतील तर मनीप्लँट वा मॉन्स्टेराच्या निरोगी शेंड्याचे, निदान एक पेर असलेले छाट घ्यावे, त्यातून नवे झाड तयार होते.