बनारसी साडीचा हंगाम आणि ३१ मार्चचा ताळेबंद

वाराणसी : लग्नसराईवर चालणारा बनारसी साडीचा व्यापार आणि ३१ मार्चला बंद होणारे त्याचे हिशेब यांचा मेळ दरवर्षी कसोटीला लागतो. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत खरमास असल्याने उत्तर भारतात विवाहमुहूर्त सहसा नसतात. पुढील हंगामाचा माल गोदामात असताना आर्थिक वर्ष संपते.

आर्थिक वर्ष म्हणजे अखंड चालणाऱ्या व्यवहाराला घातलेली बारा महिन्यांची मर्यादा. त्या काळातील उत्पन्नासमोर त्याच काळातील खर्च मांडला, तरच नफ्याला अर्थ येतो. म्हणूनच शिल्लक मालाचे मूल्य खरेदीखर्च किंवा अपेक्षित निव्वळ विक्रीमूल्य यांपैकी कमी असलेल्या रकमेने धरले जाते. न विकलेल्या साडीवरील नफा आधीच दाखवता येत नाही.

भारतात एप्रिल ते मार्च हे सरकारी वर्ष १८६७ पासून रूढ आहे. तरीही पेढ्यांना प्राप्तिकरासाठी दिवाळीसारखे सोयीचे हिशेबवर्ष निवडण्याची मुभा होती. १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून ती संपली. वहीपूजन दिवाळीला आणि ताळेबंद मार्चला, अशी विभागणी झाली.

या तारखेचा विणकरांशीही थेट संबंध आहे. १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म व लघु उत्पादकांचे देणे मुदतीत न दिल्यास, ते प्रत्यक्ष चुकते होईल त्याच वर्षी खर्च म्हणून वजा करता येते. लेखी करार नसल्यास ही मुदत १५ दिवस, करार असल्यास कमाल ४५ दिवस आहे. समजा, २० जानेवारीला करारावाचून घेतलेल्या साड्यांचे ५ लाख रुपये ३१ मार्चलाही थकीत राहिले, तर व्यापाऱ्याच्या करपात्र नफ्यात तेवढी भर पडते.

मात्र हे संरक्षण ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या उत्पादकांपुरते आहे. नोंदणी आणि पक्के बिल नसलेला विणकर त्याबाहेर राहतो. शिवाय कराचा भार टाळण्यासाठी नोंदणी नसलेल्यांकडूनच खरेदी करण्याचा मोहही व्यापाऱ्याला होऊ शकतो.

प्राप्तिकर कायदा, २०२५ नुसार १ एप्रिल २०२६ पासून ‘मागील वर्ष’ व ‘करनिर्धारण वर्ष’ यांऐवजी ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आहे. संज्ञा सुटसुटीत झाली, तरी मागावरच्या कारागिराचे येणे कागदावर आल्याखेरीज वर्षअखेरीचा धाक त्याच्या उपयोगी पडणार नाही.