जुन्या चित्रपटांना लावलेली खोटी धार

१/ मोडी कागदावरील अक्षरे पुसट झाली म्हणून कोणी ती नव्या शाईने गिरवू लागला, तर आपण त्याचा हात धरू. कागद अस्सल उरला नाही, असे म्हणू. हाच उद्योग जुन्या चित्रपटांच्या डिस्कवर होतो, तेव्हा मात्र आपण 'काय क्लिअर प्रिंट आहे!' म्हणून माना डोलावतो. या धाग्याचे भांडण त्या माना डोलावण्याशी आहे.

२/ आधी धारेचे गौडबंगाल पाहू. संगणक चित्रातील कडा शोधतो. कडेची गडद बाजू अधिक गडद करतो, उजळ बाजू अधिक उजळ. डोळा फसतो आणि चित्र रेखीव वाटते. तपशील मात्र तसूभरही वाढलेला नसतो. उलट कडेभोवती पांढुरकी प्रभावळ उमटते आणि तिच्याखाली मूळचा बारीक तपशील झाकला जातो. घरोघरी लहान पडद्याचे टीव्ही होते तोवर हे खपून गेले. 'द फँटम मेनेस'ची २००१ सालची डीव्हीडी मोठ्या पडद्यावर लावून पाहा; माणसांना संतांसारखी वलये लाभलेली दिसतील!

३/ कण पुसणे हा याहून मोठा अपराध. फिल्मवरचे कण म्हणजे धूळ नव्हे. चांदीच्या क्षारांच्या स्फटिकांवर प्रकाश पडला आणि तेथेच चित्र घडले. कण वजा केले तर चित्र उरतच नाही. यंत्राला हा विवेक नसतो. ते लागोपाठच्या चौकटी ताडून पाहते, आणि जे एकाच चौकटीत क्षणभर दिसले त्याला कचरा ठरवते.

४/ 'ग्लॅडिएटर'च्या २००९ सालच्या ब्ल्यू-रेवर याचा कळस झाला. आरंभीच्या जर्मेनियातील लढाईत रोमन सैन्याने सोडलेले काही जळते बाण हवेतल्या हवेत नाहीसे झाले. सफाईच्या यंत्रणेने ते डाग समजून पुसले होते. ओरड झाली, २०१० मध्ये सुधारित आवृत्ती निघाली.

५/ 'पॅटन' (१९७०) तर ६५ मिमी निगेटिव्हवर चित्रित झालेला, म्हणजे तपशिलाची खाणच. २००८ च्या ब्ल्यू-रेवर त्यातील सेनानींचे चेहरे मेणाच्या पुतळ्यांसारखे गुळगुळीत होऊन आले. २०१२ मध्ये तोही पुन्हा काढावा लागला.

६/ 'ग्राहकाला कण आवडत नाहीत,' असा यावर बचाव केला जातो. ग्राहकाला बखरीतील अतिशयोक्तीही आवडते. म्हणून आपण ती पुरावा मानत नाही. ओरखडे, बुरशी, चिकटलेली धूळ जरूर काढावी, कारण ती नंतर आली. कॅमेऱ्याने जे टिपले त्याला हात लावण्याचा अधिकार कोणी दिला?

७/ ल्युमिए बंधूंचे चलच्चित्र ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवले गेले. त्यांच्याच आगगाडीच्या चित्रफितीची सेकंदाला ६० चौकटींची 'फोर-के' आवृत्ती २०२० पासून जालावर फिरते आहे. मूळ चित्रण सेकंदाला सुमारे १६ चौकटींचे. उरलेल्या चौकटी यंत्राने कल्पिलेल्या आहेत; १८९० च्या दशकातील फलाटाचे साधन म्हणून त्या कोणी उद्धृत करू नयेत.

८/ आणि हो, आपल्या टीव्हीतील 'शार्पनेस' आजच खाली आणा. बऱ्याच संचांत तो कारखान्यातूनच चढवलेला येतो.